पुरेल का? : लवकर निवृत्तीचा दोघांचा हिशेब

३ जून १८१८ रोजी दुसरे बाजीराव पेशवे जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले, तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. गादीवरचा हक्क सोडायचा, पुन्हा दक्षिणेत यायचे नाही आणि त्याबदल्यात वर्षाला आठ लाख रुपये घ्यायचे, असा तो करार होता. ही रक्कम फार झाली म्हणून माल्कमवर त्याच्याच वरिष्ठांनी ठपका ठेवला. बाजीराव कानपूरजवळ बिठूरला राहिले आणि २८ जानेवारी १८५१ रोजी, वयाच्या ७६व्या वर्षानंतर वारले. साडेबत्तीस वर्षे हे वर्षासन चालले. त्याची बेरीज अडीच कोटींच्या वर जाते. ते गेले आणि वर्षासन थांबले. दत्तक पुत्र नानासाहेबांनी ते पुढे चालू राहावे म्हणून अर्ज केले, डलहौसीच्या सरकारने ते फेटाळले. पुढचे १८५७ साल सर्वांना माहीत आहे.

इतिहासाचे अभ्यासक या घटनेकडे राजकारण म्हणून पाहतात, आणि ते योग्यच आहे. पण ज्याला निवृत्तीचे गणित समजून घ्यायचे आहे, त्याला यात तीन गोष्टी दिसतील. चाळिशीत थांबलेल्या माणसापुढे तीस-पस्तीस वर्षे सहज उरलेली असतात. रक्कम एकदा आकड्यात बांधली की ती आकड्यातच राहते, बाजारभाव कुठेही जावोत. आणि वर्षासन एका जिवाला बांधलेले असेल, तर त्या जिवामागे राहणाऱ्यांचे काय, हा प्रश्न करारात लिहिलेला नसतो.

दोनशे वर्षांनी हाच प्रश्न आता साध्या घरांमध्ये विचारला जातो. पुण्या-मुंबईच्या संगणक क्षेत्रात वीस-पंचवीस वर्षे काढलेले, खासगी बँकांत, औषध कंपन्यांत, कारखान्यांच्या कचेऱ्यांत उमेद खर्च केलेले नवरा-बायको पन्नाशीच्या उंबरठ्यावर एकमेकांना विचारतात, ‘आता थांबलो तर पुरेल का?’ मी अर्थशास्त्र महाविद्यालयात शिकलेलो नाही. जुन्या जमाखर्चाच्या वह्या वाचण्याच्या नादातून या विषयाकडे आलो आणि जे वाचून, आकडे मांडून समजले ते इथे क्रमाने ठेवतो. कुठली योजना घ्यावी हे सांगण्याचा हेतू नाही. ‘पुरेल का’ या प्रश्नाच्या पोटात किती प्रश्न दडलेले आहेत आणि ते कसे सोडवतात, एवढेच दाखवायचे आहे.

पहिला आकडा : खर्च

हिशेबासाठी एक जोडपे कल्पनेने घेऊ. तो ५० वर्षांचा, ती ४७ची. राहणार नाशिकचे. घर स्वतःचे, कर्ज फिटलेले, मुलगी कमावती झालेली. दोघांना विचारले, ‘महिन्याला किती लागतात?’ तर उत्तर येते, ‘पंचेचाळीस हजार.’ हे उत्तर खोटे नसते. किराणा, दूध, भाजी, वीज, गॅस, पेट्रोल, कामवाल्या बाईंचा पगार, सोसायटीचा मेंटेनन्स, मोबाइल यांची बेरीज तेवढीच येते.

पण वर्ष बारा महिन्यांच्या बेरजेपेक्षा मोठे असते. आरोग्यविम्याचा हप्ता वर्षातून एकदाच येतो. दोघांचा मिळून ५०,००० धरू. घराची डागडुजी, रंग, बिघडलेला फ्रिज, पाण्याचा पंप यांचे वर्षाला सरासरी ४०,०००. सहा लाखांची गाडी दहा वर्षांनी बदलायची, म्हणजे वर्षाला ६०,००० बाजूला पडलेच पाहिजेत. लग्नकार्ये, आहेर, सणवार, प्रवास यांचे ६०,०००. दात, चष्मा, तपासण्या, विम्यात न बसणारी औषधे यांचे ३०,०००. ही बेरीज २,४०,००० होते. महिन्याच्या खर्चाचे ५,४०,००० त्यात मिळवले की वर्षाचे ७,८०,०००, म्हणजे महिना ६५,००० रुपये.

पंचेचाळीस आणि पासष्ट यांतले अंतर उधळपट्टीचे नाही. ते कधीमधी येणाऱ्या, पण नक्की येणाऱ्या खर्चाचे आहे. पगार चालू असताना हा खर्च बोनसमधून, एखाद्या मोडलेल्या ठेवीतून निघून जातो, म्हणून तो डोळ्यांत भरत नाही. लवकर निवृत्तीचे जे बेत चुकतात त्यांतले बरेच याच पायरीवर चुकतात. म्हणून पहिले काम अगदी साधे आहे. निदान दोन वर्षांचे बँकेचे उतारे आणि कार्डाची बिले समोर ठेवून दोघांनी मिळून बेरीज करायची. एकट्याने केली तर अर्धा खर्च दुसऱ्याच्या डोक्यात राहतो.

व्याजावर जगण्याचा भास

आता समजा, या दोघांकडे भविष्य निर्वाह निधी, ठेवी, म्युच्युअल फंड सगळे मिळून दोन कोटी रुपये आहेत. बँकेत ७ टक्के मिळतात असे धरले तर वर्षाचे १४ लाख व्याज. खर्च ७ लाख ८० हजार. कर बाजूला ठेवला, तरी सहा लाखांच्या वर शिल्लक! मुद्दलाला हात लावण्याचा प्रश्नच नाही. बहुतेक घरांत हिशेब इथेच थांबतो आणि राजीनामा लिहिला जातो.

यात महागाई मिळवू. वर्षाला ६ टक्के दराने खर्च वाढला, तर १२ वर्षांत तो दुप्पट होतो. आजचे महिना ६५,००० बारा वर्षांनी १ लाख ३० हजार, चोवीस वर्षांनी २ लाख ६० हजार, छत्तीस वर्षांनी ५ लाख २० हजारांच्या वर. दोन कोटींवर ७ टक्के परतावा, वर्षाच्या सुरुवातीला खर्चाची रक्कम काढायची आणि ती दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढवायची, असे कोष्टक कोणालाही कागदावर मांडता येते. मी ते मांडले. पहिली १३ वर्षे गंगाजळी वाढत राहते, दोन कोटींची अडीच कोटी होते. चौदाव्या वर्षी ती किंचित उतरते, मग उतार वाढत जातो, आणि तिसाव्या वर्षी पैसे संपतात. तेव्हा तो ७९ वर्षांचा असेल आणि ती ७६ची. कर धरला तर हा दिवस आणखी अलीकडे येतो.

या कोष्टकातली सगळ्यात धोक्याची गोष्ट शेवटच्या वर्षांत नाही, पहिल्या तेरा वर्षांत आहे. पासबुकातली रक्कम वाढताना दिसते, त्यामुळे सगळे ठीक चालले आहे असा विश्वास बसतो. चूक कळेपर्यंत तो ६४ वर्षांचा आणि ती ६१ची झालेली असते, आणि परत नोकरीवर घेणारे कोणी उरलेले नसते.

म्हणून परताव्याचा दर आणि महागाईचा दर वेगवेगळे न पाहता त्यांतला फरक पाहायचा. त्याला आपण ‘खरा परतावा’ म्हणू. ८ टक्के मिळाले आणि महागाई ६ टक्के असेल तर खरा परतावा जेमतेम दोन टक्के. तिच्या वयाच्या ९० वर्षांपर्यंत, म्हणजे ४३ वर्षे, आजच्या राहणीने जगायचे तर वर्षाच्या खर्चाच्या किती पट रक्कम लागेल, ते या फरकावर ठरते. खरा परतावा शून्य असेल तर ४३ पट, म्हणजे ३ कोटी ३५ लाख. एक टक्का असेल तर ३५ पट, सुमारे २ कोटी ७५ लाख. दोन टक्के असेल तर २९ पट, सुमारे २ कोटी २८ लाख. तीन टक्के असेल तर २५ पटींच्या किंचित खाली, सुमारे १ कोटी ९३ लाख. तीन टक्क्यांच्या हेलकाव्यात गरज जवळजवळ दीड कोटीने बदलते. ‘किती पुरतील’ याचे एकच उत्तर छातीठोकपणे देणाऱ्याकडे म्हणूनच थोडे सावधपणे पाहावे.

२००१ ची स्वेच्छानिवृत्ती

कागदावरचे हे गणित आपल्याकडे एकदा मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात घडून गेले आहे. २००० साली सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. नोकरीची १५ वर्षे किंवा वयाची ४० वर्षे पूर्ण झालेल्यांना ती घेता येत होती. सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे ६० दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या नोकरीच्या महिन्यांचा पगार, यांत जे कमी ते सानुग्रह म्हणून मिळणार होते. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी किंवा पेन्शन वेगळे. देशभरात एक लाखाहून अधिक लोकांनी ती घेतली. मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूरच्या किती तरी घरांत ‘व्हीआरएस’ हा शब्द त्या वर्षी पहिल्यांदा शिरला.

त्या वेळी हिशेब असा मांडला जात होता : दहा लाख आले, दहा टक्क्यांनी वर्षाचे एक लाख, महिन्याचे आठ हजार तीनशे. त्या काळात मध्यमवर्गीय घर त्यात चालत असे. लांब मुदतीच्या ठेवींवर बँका तेव्हा साडेनऊ-दहा टक्के देत होत्या आणि या दराला कोणी तात्पुरता समजत नव्हते, कारण त्याआधीचे एक तप तसेच गेले होते. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर १९८६ पासून १२ टक्के मिळत होते.

मग दर उतरले. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा दर जानेवारी २००० मध्ये ११, मार्च २००१ मध्ये साडेनऊ, मार्च २००२ मध्ये ९ आणि मार्च २००३ मध्ये ८ टक्के झाला. बँकांच्या ठेवी २००३-०४ पर्यंत पाच-साडेपाच टक्क्यांवर आल्या. तीन वर्षांची ठेव २००१ मध्ये ठेवलेला माणूस २००४ मध्ये नूतनीकरणाला गेला, तेव्हा महिन्याचे आठ हजार तीनशे साडेचार हजारांच्या आसपास आलेले होते. मुद्दलाचा एक रुपयाही कमी झाला नव्हता. जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्टने यूएस-६४ या योजनेची पुनर्खरेदी थांबवली. निवृत्तांच्या घरात ‘सुरक्षित’ म्हणून जी कागदपत्रे जपून ठेवलेली असत, त्यांत हे युनिट अग्रभागी होते.

सगळ्यांचे हाल झाले असे नाही. ज्यांनी बँकेतली पेन्शन निवडली होती, त्यांना महागाई भत्त्यासह दरमहा रक्कम येत राहिली. ज्यांचा जोडीदार नोकरीत होता, ती घरेही तगली. ज्यांनी पेन्शनऐवजी एकरकमी निधी निवडला होता आणि घरात दुसरा पगार नव्हता, त्यांना झळ बसली. एकाच शाखेतून एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन माणसांची पुढची वीस वर्षे वेगळी गेली, ती या दोन गोष्टींमुळे. ऑगस्ट २००४ मध्ये सरकारने ज्येष्ठ नागरिक बचत योजना ९ टक्क्यांनी सुरू केली. तिच्यात स्वेच्छानिवृत्तांसाठी ५५ वर्षांची अट होती. पंचेचाळिशीत बाहेर पडलेल्याला तिची वाट बरीच वर्षे पाहावी लागणार होती. आजही या योजनेचा दर ८.२ टक्के आणि मर्यादा माणशी ३० लाख असली, तरी आपल्या नाशिकच्या जोडप्याला पन्नाशीत तिचा दरवाजा बंदच आहे. निवृत्तांसाठीच्या बहुतेक सवलती साठीच्या आसपास सुरू होतात, हे लवकर थांबणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

चार टक्के : परक्या मातीतला नियम

हल्ली या विषयावर बोलताना ‘चार टक्क्यांचा नियम’ सर्रास सांगितला जातो. तो कुठून आला ते पाहणे उपयोगाचे आहे. अमेरिकेतील आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ साली १९२६ पासूनचे तिथले शेअर, सरकारी रोखे आणि महागाई यांचे आकडे घेऊन एक प्रश्न विचारला : पहिल्या वर्षी गंगाजळीचा अमुक टक्के भाग काढला आणि पुढे तेवढीच रक्कम महागाईप्रमाणे वाढवत नेली, तर पैसे किती वर्षे टिकतात? अर्धे शेअर आणि अर्धे रोखे असतील तर चार टक्क्यांच्या आसपासची उचल अगदी वाईट काळातही तीस वर्षे टिकली, असे त्यांना दिसले. १९९८ साली टेक्सासमधील ट्रिनिटी विद्यापीठाच्या तीन प्राध्यापकांनी त्याच अंगाचा अभ्यास केला. चार टक्के म्हणजेच खर्चाच्या पंचवीस पट गंगाजळी.

हा नियम आपल्याकडे जसाच्या तसा लावताना तीन अडचणी येतात. एक, तो तीस वर्षांसाठी आहे. आपल्या जोडप्यापुढे त्रेचाळीस आहेत. दोन, तो एका देशाच्या एका भाग्यवान शतकावर उभा आहे. आपल्या सेन्सेक्सचे पायाभूत वर्ष १९७८-७९. पन्नास वर्षांपेक्षा कमी आकड्यांत तीस वर्षांचे स्वतंत्र कालखंड किती मिळणार? तीन, आपली महागाई अमेरिकेपेक्षा बहुतेक काळ चढी राहिली आहे. २००९ ते २०१३ या वर्षांत किरकोळ महागाई दहा टक्क्यांच्या आसपास होती आणि ठेवींवर आठ-नऊ टक्के मिळत होते. म्हणजे त्या काळात सुरक्षित ठेवीचा खरा परतावा शून्याच्या खाली होता. म्हणून पंचवीस पट हा आकडा आपण तळ समजावा. पन्नाशीच्या आत थांबणाऱ्याने पस्तीस-चाळीस पटींची तयारी असेल तरच निर्धास्त म्हणवून घ्यावे.

वाईट वर्षे आधी आली तर

बेंगेन यांच्या अभ्यासात सर्वांत वाईट गत कोणाची झाली? साठच्या दशकाच्या उत्तरार्धात निवृत्त झालेल्यांची. त्यांच्या निवृत्तीच्या पहिल्याच दशकात १९७३-७४ ची घसरण आणि पाठोपाठ तीव्र महागाई आली. सरासरी परतावा त्यांचाही वाईट नव्हता. वाईट वर्षे आधी आली एवढेच.

छोट्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एक कोटी रुपये आहेत. तीन वर्षांत परतावा उणे २०, अधिक १० आणि अधिक ३० टक्के असा आला. काहीच काढले नाही तर क्रम कोणताही असो, शेवटी १ कोटी १४ लाख ४० हजारच उरतात. आता दरवर्षी सुरुवातीला सहा लाख काढू. घसरण पहिल्या वर्षी आली तर तीन वर्षांनी ९१ लाख १६ हजार उरतात. तीच घसरण शेवटच्या वर्षी आली तर ९७ लाख ४६ हजार. सरासरी तीच, माणूस तोच, फरक सव्वासहा लाखांचा. कारण भाव पडलेले असताना घरखर्चासाठी जे युनिट विकावे लागतात, ते पुढची तेजी पाहायला शिल्लक राहत नाहीत. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स वर्षभरात साडेआठ हजारांपर्यंत खाली आला होता. जानेवारीत राजीनामा दिलेल्याने आणि दोन वर्षांनी दिलेल्याने एकच नियम पाळला असता, तरी त्यांचे आयुष्य सारखे गेले नसते.

यावर लोक जो उपाय करतात तो जुनाच आहे. शेतकरी बियाणे आणि दुष्काळासाठीचे धान्य वेगळ्या कणगीत ठेवतो. तसे पुढच्या पाच-सात वर्षांचा खर्च ठेवींत, पोस्टात ठेवायचा आणि लांबच्या वर्षांचा भाग शेअर बाजारात राहू द्यायचा. सगळे ठेवींत ठेवले तर महागाई खाते; सगळे बाजारात ठेवले तर पहिलीच मंदी खाऊ शकते.

दोन जिवांचे आयुर्मान

आयुष्याच्या लांबीचा हिशेब एकट्याचा वेगळा आणि जोडप्याचा वेगळा. भारतात साठी गाठलेला माणूस सरासरी आणखी अठरा वर्षे जगतो. पण सरासरी म्हणजे शेवट नव्हे. त्यापुढे जाणारेही पुष्कळ असतात. समजा, दोघांपैकी प्रत्येकाला नव्वदी गाठण्याची शक्यता २५ टक्के आहे. मग दोघांपैकी निदान एकाने ती गाठण्याची शक्यता किती? दोघांनीही न गाठण्याची शक्यता ०.७५ गुणिले ०.७५, म्हणजे ५६ टक्के. उरलेली ४४ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्म्या अशा घरांत नव्वदीपर्यंत कोणी तरी एक जण राहणार. आपल्याकडे बायको वयाने लहान असते आणि स्त्रिया सरासरीने जास्त जगतात, म्हणून ही राहणारी व्यक्ती बहुधा ती असते.

हिशेब मात्र बहुधा तो करतो. गुंतवणुकीचे पासवर्ड त्याच्याकडे, एजंटची ओळख त्याची, ‘पुरेल’ हा निर्णय त्याचा. चुकला तर त्याची किंमत सत्तरी-ऐंशीतल्या तिला मोजावी लागते. म्हणून माझ्या मते या साऱ्या गणितातला पहिला प्रश्न ‘आपल्याला पुरेल का’ हा नसून ‘मी गेल्यावर तिला पुरेल का, आणि ते तिला हाताळता येईल का’ हा असायला हवा.

एक माणूस गेला की खर्च निम्मा होत नाही. वीज, मेंटेनन्स, घरपट्टी, कामवाल्या बाई तेवढ्याच राहतात; सोबतीला दिवस-रात्रीची बाई ठेवावी लागली तर खर्च उलट वाढतो. उत्पन्न मात्र घटते. खासगी नोकरीतल्या कर्मचारी पेन्शन योजनेचेच पाहू. १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेत, गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०, हे तिचे सूत्र. तीस वर्षे सेवा केलेल्यालाही महिना साडेसहा-सात हजारांहून फारसे मिळत नाही. ५८ च्या आधी, पन्नाशीपासून ती घेता येते, पण आधीच्या दर वर्षामागे चार टक्क्यांची कपात होते. तिला महागाई भत्ता नाही, आणि पेन्शनर गेल्यावर विधवेला त्याच्या निम्मी मिळते. विमा कंपन्यांच्या वर्षासनात ‘जोडीदाराला हयातभर पूर्ण रक्कम’ असा पर्याय असतो. तो घेतला की सुरुवातीचा आकडा थोडा कमी दिसतो, आणि म्हणून अनेक जण तो सोडतात. तो आकडा ज्या कारणाने कमी असतो, तेच कारण तो घेण्याचे आहे.

कागदपत्रांचेही तसेच. नामनिर्देशन केले म्हणजे मालकी दिली, असा समज घरोघर आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत पुन्हा स्पष्ट केले, की नामनिर्देशित व्यक्ती ही वारस ठरत नाही. मालकी वारसाहक्काच्या कायद्याने किंवा मृत्युपत्राने जाते. दोघांचीही मृत्युपत्रे तयार नसतील तर निवृत्तीचा बेत अर्धाच झाला.

आजारपण आणि बुडणाऱ्या ठेवी

नोकरी सुटते त्या दिवशी कंपनीचा सामूहिक आरोग्यविमाही सुटतो. पन्नाशीत मधुमेह किंवा रक्तदाब असताना नवा विमा घ्यावा, तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. त्यामुळे स्वतंत्र पॉलिसी नोकरी सोडण्याच्या तीन-चार वर्षे आधी, कंपनीचे छत्र डोक्यावर असतानाच घ्यावी. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी शून्य झाला, हा थोडा दिलासा. सत्तरीनंतर आयुष्मान भारतमधून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता मिळते. पण पन्नास ते सत्तर ही वीस वर्षे ज्याची त्यालाच निभवायची आहेत.

दुसरा धोका महाराष्ट्राने विशेष पाहिला आहे. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा रांगेत उभ्या असलेल्यांत निवृत्तांची संख्या मोठी होती. त्या काळात ठेवविम्याची मर्यादा एक लाख होती. फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख झाली. अर्धा टक्का जास्त व्याजासाठी सगळी आयुष्याची कमाई एका बँकेत ठेवणे म्हणजे काय, हे त्या रांगेतल्यांना नव्याने सांगावे लागणार नाही.

मग थांबायचे की नाही?

आपल्या नाशिकच्या जोडप्याकडे दोन कोटी आहेत. खरा परतावा दोन टक्के धरला तरी २८ लाख कमी पडतात. एक टक्का धरला तर ७५ लाख. मग उत्तर ‘नाही’ असे आहे का? मला तसे वाटत नाही. हिशेब मांडल्यावर कोणत्या खुंट्या फिरवता येतात ते दिसू लागते.

महिन्याचा खर्च ५,००० ने कमी झाला तर वर्षाचे ६०,००० वाचतात आणि २९ पटींच्या मापाने गंगाजळीची गरज १७ लाखांहून अधिक उतरते. दोघांनी एकदम थांबण्याऐवजी ती आणखी सात वर्षे, महिना आजच्या २५,००० रुपयांचे, वाढत्या महागाईबरोबर वाढणारे काम करत राहिली, किंवा त्याने तसे अर्धवेळ काम धरले, तर आजच्या हिशेबाने सुमारे वीस लाखांची गरज भागते. शिवाय हे पैसे नेमके पहिल्या सात वर्षांत येतात, जेव्हा बाजार पडला तर सर्वांत जास्त नुकसान होणार असते. दोन्ही एकत्र केले तर दोन टक्क्यांच्या अंदाजातली तूट भरून निघते. आणखी तीन वर्षे दोघांनी नोकरी केली, तर तीन वर्षांचा खर्च गंगाजळीतून जात नाही, तिच्यात भर पडते आणि पुरवायची वर्षेही तीनाने कमी होतात. एक टक्क्याचा अंदाजही मग आवाक्यात येऊ लागतो.

दुसऱ्या तागडीत काय आहे तेही लिहिले पाहिजे. पन्नास ते साठ ही पायांत बळ असलेली वर्षे असतात. गावाकडचे आईवडील याच वर्षांत थकलेले असतात. साठीला पूर्ण रक्कम हातात आली, आणि जोडीदार अंथरुणाला खिळलेला असला, तर जास्तीच्या पन्नास लाखांचे करायचे काय? हा भाग कोष्टकात बसत नाही, पण तो खर्चाइतकाच खरा आहे. म्हणूनच हिशेब अचूक हवा : भीतीपोटी दहा वर्षे जास्त घालवणे हेही नुकसानच आहे, फक्त ते पासबुकात दिसत नाही.

ज्यांना हा निर्णय घ्यायचा आहे त्यांनी एक तालीम करून पाहावी. नोकरी चालू असतानाच वर्षभर दोघांनी ठरवलेल्या निवृत्तीच्या खर्चातच घर चालवायचे आणि उरलेला पगार जणू आलाच नाही असे समजून बाजूला टाकायचा. त्या वर्षातले सहा महिने पैशांचे सर्व व्यवहार, नूतनीकरण, विम्याचे हप्ते, आयकराचे विवरणपत्र, जो एरवी करत नाही त्याने करायचे. वर्षाअखेरी वहीतला आकडा ७ लाख ८० हजारांच्या आत आला का, आणि दुसऱ्याला सगळी कागदपत्रे न विचारता सापडली का, या दोन प्रश्नांची उत्तरे ‘हो’ असतील तर राजीनाम्याचा मसुदा लिहायला हरकत नाही. एकाचेही उत्तर ‘नाही’ आले, तर आणखी एक वर्ष थांबावे आणि वही पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करावी.